आत्याचा तळहात

माझी आत्या जळकी आहे. सख्ख्या आत्याबद्दल असं बोलते म्हणून मला नावं ठेवू नका, कारण शब्द तिचाच आहे. लोक आपला हेवा शिस्त, काळजी, स्पष्टवक्तेपणा अशा चांगल्या चांगल्या नावांखाली दडवतात. आत्या दडवत नाही. "जळते मी. मग? जळायलाही आत काहीतरी असावं लागतं," असं म्हणते आणि चहात आणखी एक चमचा साखर घालते.

जळते ती मुख्यतः माझ्या आईवर. आजी-आजोबा लवकर गेले तेव्हा आत्या नुकती शाळेतून बाहेर पडली होती आणि बाबा अजून शाळेतच होते. तिने नोकरी धरली, भावाला शिकवलं, त्याच्या तापात उशाशी बसली आणि या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं. राहून गेलं हे तिचं म्हणणं. बाबा म्हणतात, स्थळं आली होती, पण एक जण फार बोलतो म्हणून आणि दुसरा काहीच बोलत नाही म्हणून तिने परत पाठवलं. मग एके दिवशी बाबांनी लग्न करून आईला घरी आणलं. पहिल्याच आठवड्यात आत्याने तिला बजावलं, "ताई मला माझा भाऊ म्हणतो. तू वन्सं म्हण." हा शब्द तेव्हाही जुनाट झाला होता. आई आजतागायत वन्सं म्हणते, आणि इतकं गोड म्हणते की आत्याच्या अंगाचा तिळपापड होतो.

आत्याच्या हातून आधी भाऊ गेला, मग स्वयंपाकघर गेलं, मग मी. मी पहिलं पाऊल आत्याच्या दिशेने टाकलं होतं असं आत्या सांगते आणि आई लगेच म्हणते, "हो ना, वन्सं, तुमच्याकडेच." खरं तर मी टेबलाचा पाय धरायला निघाले होते, हे बाबांनी मला खासगीत सांगितलंय. चारचौघांत ते काही बोलत नाहीत. या दोघींच्या मध्ये ते आयुष्यभर वर्तमानपत्र उघडं धरून बसले आहेत.

एक जागा मात्र निव्वळ आत्याची होती, ती म्हणजे तिचं गोदाम.

शिवणकामाच्या सामानाचं गोदाम. बटणं, चेन, रिळं, हुक, इलास्टिक, अस्तराचे गठ्ठे. वर हॉल, हॉलमध्ये एक लांब मेज, मेजावर कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात साहेबांची काचेची खोली. जिना उतरून गेलं की तळघर, आणि तळघरात छतापर्यंत खोक्यांच्या रांगा. पूर्वी एक बाई खोक्यावरचा नंबर ओरडून सांगायची आणि दुसरी तो टाइप करायची. सहाचे नऊ व्हायचे, काळ्या बटणांच्या जागी पांढरी जायची आणि मग दोघी एकमेकींना बहिरी म्हणायच्या. साहेब कंटाळले आणि त्यांनी हातात धरायचे स्कॅनर आणले.

कंपनीचा माणूस आला. चाप दाबला की लाल उजेड, खोक्यावरच्या बारकोडवर उजेड पडला की बीप, बीप झालं की नंबर कॉम्प्युटरवर, असं घाईघाईने दाखवून तो चहासुद्धा न घेता पळाला. जाताना एक तक्ता तेवढा ठेवून गेला. आत्या सोडून कोणी त्या तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

या स्कॅनरची एक गंमत आहे. त्याला चाप सोडून दुसरं बटणच नाही. त्याच्याकडून काही करून घ्यायचं तर त्याला त्याच्याच भाषेत सांगावं लागतं, म्हणजे बारकोड दाखवून. आवाज मोठा हवा असेल तर तक्त्यावरच्या मोठ्या आवाजाच्या खुणेवर उजेड मारायचा. प्रत्येक नंबरानंतर कॉम्प्युटरवर नवी ओळ हवी असेल तर तिची खूण वेगळी. पण तक्ता छापणाऱ्याने कागद वाचवायला सगळ्या खुणा खेटून खेटून छापलेल्या. पहिल्याच आठवड्यात रिळांच्या रांगेतल्या एका बाईने आवाज वाढवायला चाप दाबला आणि तिचा स्कॅनर मुकाच झाला. दुसरीचे नंबर एकापुढे एक एकाच ओळीत धावत सुटले. साहेब म्हणाले, माल खराब दिसतो, परत पाठवू.

आत्या म्हणाली, "माल बरा आहे, नजर खराब आहे." उजेड आडवा पसरतो आणि शेजारची खूणही ओढून घेतो हे तिने हेरलं होतं. तिने डावा तळहात शेजारच्या खुणेवर पालथा ठेवला, उजव्या हाताने चाप दाबला, आणि मुका स्कॅनर बोलायला लागला. "शेजारणीला झाकायचं आणि मग बोलायचं," हा तिचा धडा. त्या दिवसापासून गोदामात ती 'बीपताई' झाली. हे टोपणनाव तिला आवडत नाही असं ती दाखवायची, पण कोणी चुकून नुसतं ताई म्हटलं की ओ द्यायला वेळ लावायची.

मग तिने प्रत्येक स्कॅनरला वेगळा आवाज लावून दिला. कोणाचा जाड, कोणाचा बारीक, कोणाचा आखूड. स्वतःला सगळ्यांत उंच आणि पातळ आवाज घेतला. वर मेजाशी उभी राहून ती खालच्या आवाजांवरून सांगायची, "हुकवाली गप्प आहे, झोपली वाटतं. उठवा तिला."

खरा कस लागायचा संध्याकाळी. तळघरातून कॉम्प्युटरपर्यंत स्कॅनरचा आवाका पोचत नाही. म्हणून खाली घेतलेले नंबर स्कॅनर आपल्या पोटात ठेवतो. दिवस संपला की बायका वर येतात, तक्त्यावरच्या एका खुणेवर उजेड मारतात, आणि पोटातले सगळे नंबर बीप-बीप-बीप करत कॉम्प्युटरवर चढतात. या खुणेला त्या 'चढव' म्हणतात. आणि चढवच्या अगदी कुशीत दुसरी खूण आहे, 'पूस'. तिच्यावर उजेड पडला तर दोन तुटक बीप वाजतात आणि पोट रिकामं. दिवसभराची मेहनत पाण्यात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण एका तक्त्यावर राहतात.

म्हणून रोज संध्याकाळी आत्या मेजाशी उभी राहायची, तळहात पूसवर, आणि बायका एकेक करून यायच्या. दुसऱ्या कोणाच्या हाताचा कोणाला भरवसा नव्हता. ती रजेवर असली की बायका स्कॅनर भरलेलेच ठेवून घरी जायच्या. घरी मात्र आई तिला "वन्सं, तुम्ही बसा, मी करते" म्हणून स्वयंपाकघराच्या दारातच अडवायची. तुम्हीच सांगा, माणूस कुठे रमेल?

अशा या जागी आत्याने आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला. बाबांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान चालेनासं झालं तेव्हा तिनेच साहेबांकडे शब्द टाकून आईला गोदामात लावलं. शब्द टाकताना तिला फार मोठं वाटलं होतं. आई तिच्या हाताखाली राहील, विचारत येईल, चुकेल आणि आत्या चार बायकांदेखत तिला सावरून घेईल, असा एकूण बेत होता.

आईला तिने मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेला सगळ्यांत जुना स्कॅनर दिला आणि त्याला सगळ्यांत खालचा आवाज लावला. म्हैस हुंकारते तसा. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आईने दोनदा चाप दाबून पाहिला आणि म्हणाली, "छान आहे, वन्सं. कानाला त्रास नाही." घरी येऊन आत्या माझ्यापाशी धुमसत राहिली. "ऐकलंस? छान आहे म्हणे. माणसाने निदान वाईट तरी वाटून घ्यावं की नाही?"

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसं झालं. तिखटही नाही, आई गोडच झाली. तळघरातल्या बायका आधी आत्याला घाबरून शिकायच्या, आता आईला विचारून शिकू लागल्या. त्यात आईने पुठ्ठा काढला. एका खोक्याचा तुकडा घेऊन, त्याला नेमक्या चढवच्या मापाची खिडकी कापली. तक्त्यावर पुठ्ठा ठेवला की खिडकीतून एकच खूण दिसायची, बाकी सगळं झाकलेलं. कोणाचा तळहात नको, कोणाची वाट पाहणं नको. साहेबांनी काचेच्या खोलीतून बाहेर येऊन पुठ्ठा उलटासुलटा करून पाहिला. "अहो, हे आपल्याला आधी का सुचलं नाही?" असं ते आत्याकडे बघून म्हणाले.

आत्या त्या रात्री जेवली नाही. तिला जेवण गेलं नाही असं बाबांनी म्हटल्यावर ती कडाडली, "मला काय धाड भरलीय? इतकी वर्षं हात झिजवला तो एका खोक्याच्या तुकड्याने निकालात काढला. मेला पुठ्ठा!" आई ताट झाकून ठेवत म्हणाली, "वन्सं, तुमचा हात बघूनच सुचलं मला." म्हणजे आगीत तेल. पुढे सगळ्यांनी पुठ्ठा वापरला, आत्याने नाही. "मला हात आहेत," एवढंच ती सांगायची.

त्या वर्षी मालमोजणीच्या आधी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आता मेजाला रीतसर प्रमुख नेमायची. स्कॅनर, सेटिंग, तक्ता, संध्याकाळची चढवाचढव सगळं तिच्या ताब्यात, आणि मेजामागे खुर्ची. मोजणी झाली की नाव सांगतो. आत्या इतकी वर्षं त्या मेजाशी उभी होती, खुर्ची तिला कोणी दिली नव्हती. तिला ती खुर्ची हवी होती. भाऊ, स्वयंपाकघर, भाची यांतलं काही ती परत मागत नव्हती, पण ही खुर्ची तिला पाहिजेच होती. आईने साहेबांकडे एक शब्द काढला नाही. त्याचाही आत्याला राग. "मागत नाही, कारण मिळणार हे ठाऊक आहे."

मोजणीत आत्याकडे बटणांची रांग आली, आईकडे चेनची. बटणं म्हणजे सगळ्यांत किचकट काम. एकाच रंगाच्या किती छटा, किती मापं, आणि प्रत्येकाचं वेगळं खोकं. आत्याने दिवसभर मान वर केली नाही. तळघरात तिचा उंच आवाज एकसारखा वाजत होता आणि पलीकडे आईची म्हैस. संध्याकाळी जिना चढून आली तेव्हा तिचा स्कॅनर तुडुंब भरलेला होता आणि चेहरा खुललेला. या वेळी कोणी बोट ठेवायला जागा नव्हती.

मेजावर आता तक्ते दोन, दुसरा पहिल्याची झेरॉक्स. एकावर पुठ्ठा, त्यापुढे बायकांची रांग. दुसरा उघडा, त्यापुढे आत्या एकटी. तिने तळहात पूसवर ठेवला. तेवढ्यात पुठ्ठ्याच्या बाजूला साहेब आले, आईला काहीतरी म्हणाले आणि हसले. आई पण हसली. काय म्हणाले हे आत्याला ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं, कारण ते विचारत होते की पंखा लावू का. आत्याने मान वळवली, मानेबरोबर खांदा, खांद्याबरोबर हात. आणि उजव्या हाताने सवयीने चाप दाबला.

दोन तुटक बीप.

बाकीच्या स्कॅनरांचा कलकलाट चालू होता. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. आत्या तक्त्याकडे बघत नुसती उभी राहिली. तिचा तळहात तक्त्याच्या कडेला होता, जिथे काहीच छापलेलं नव्हतं. तिने मान वर केली तेव्हा आई तिच्याकडे बघत होती. आईने आवाज ओळखला होता. आवाजांवरून माणूस ओळखायला आत्यानेच तर शिकवलं होतं.

"साहेब," आई म्हणाली, "बटणांची रांग अजून पुरी व्हायचीय. वन्संना मी मधेच माझ्या कामाला अडकवलं, चूक माझी. उद्या सकाळी लवकर येऊन आम्ही दोघी पुरी करतो." साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मोजणीच्या दिवशी असलं चालत नाही, असं ते आईला सगळ्यांदेखत बोलले. आईने मान खाली घालून ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरात त्या दोघीच होत्या. एका टोकाकडून आत्या, दुसऱ्या टोकाकडून आई. उंच बीप, हुंकार, उंच बीप, हुंकार. बायका यायच्या आत रांग संपली. दोघींत एक अक्षर बोलणं झालं नाही. आत्याने नंतर मला सांगितलं, "बोलली असती तर बरं होतं गं. एकदा तरी म्हणायचं होतं, बघा वन्सं, पुठ्ठा वापरला असता तर. पण छे! गोळीसुद्धा अशी मारते की रक्त येत नाही."

त्या आठवड्यात आत्या घरात नुसती येरझाऱ्या घालत होती. आईने चहा दिला तर घ्यायचा नाही, नाही दिला तर का दिला नाही म्हणून कपाळावर आठी. मी म्हटलं, "आत्या, वाचवलं ना तिने तुला? मग?" तर ती माझ्यावरच उखडली. "चोरी केली असती तर सहन केलं असतं. चुगली केली असती तर नाचले असते. हिने उपकार केले. उपकार फेडता येत नाहीत आणि परतही करता येत नाहीत."

मग साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं. पुठ्ठ्याची आठवण काढली, आईचं कौतुक केलं, पण मोजणीच्या दिवशीची ढिलाई काही बरी नव्हे म्हणाले. मेजाची जबाबदारी अनुभवी हातात असावी. आणि त्यांनी खुर्ची ओढून आत्यापुढे केली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी आईने वाजवल्या, हे आत्याने पाहिलं.

ती बसलीच नाही. "थांबा साहेब," ती म्हणाली. "ढिलाई हिची नव्हती. बटणं मी पुसली. माझा हात हलला. ही खोटं बोलली, माझ्यासाठी. आता काय करायचं ते करा."

साहेब दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. आई पुटपुटली, "वन्सं, कशाला?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता यावरून कोणी म्हणेल, आत्या किती सत्यवचनी. बायका अजूनही म्हणतात. पण तुम्ही तसं समजू नका, तिला ते आवडणार नाही. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधीच तिने मला सांगितलं, "खरं-खोटं गेलं खड्ड्यात. तिने दिलेल्या खुर्चीवर मी बसू? रोज सकाळी बसताना आठवणार, ही हिच्या मेहेरबानीची. त्यापेक्षा उभी बरी." खुर्ची हातची गेली याचं दुःख तिला झालंच होतं, आणि ते तिने लपवलंही नाही. माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली, आणि मधेच थांबून म्हणाली, "बघ बाहेर, तुझी आई ऐकत नाहीये ना?"

खुर्ची आईला मिळाली. ती प्रमुख झाल्यावर बायका तिला म्हणाल्या, आता तो म्हशीचा आवाज बदला, उंच घ्या. आईने बदलला नाही. "वन्संनी लावून दिलाय," म्हणाली. आत्याने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "चांगुलपणात तरी एकदा मला पुढे जाऊ दे म्हणावं!"

त्यालाही आता बराच काळ झाला. मध्ये एका संध्याकाळी मी दोघींना घ्यायला गोदामात गेले तेव्हा चढवाचढव चालली होती. मेजावर आता एकच तक्ता होता. बायका येत होत्या, पुठ्ठ्याच्या खिडकीवर उजेड मारत होत्या, जात होत्या. आई खुर्चीत बसून कॉम्प्युटरकडे बघत होती. सगळ्यांत शेवटी आत्या आली. तिने पुठ्ठ्याला हात लावला नाही, नुसती उभी राहिली. आई खुर्चीतून उठली, तिने पुठ्ठा बाजूला काढला आणि आपला तळहात पूसवर पालथा ठेवला.

"बोटं जुळव," आत्या म्हणाली. "फट राहिलीय."

आईने बोटं जुळवली. आत्याने वाकून नीट पाहिलं, मग चाप दाबला. तिचा उंच, पातळ बीप सबंध हॉलभर वाजत राहिला.

परत येताना आई पुढे चालत होती. मी हळूच विचारलं, "आत्या, आता तरी पुठ्ठा घे की. कशाला हट्ट?"

आत्याने पुढे बघून अंतराचा अंदाज घेतला. "वेडी आहेस. मी पुठ्ठा घेतला तर ती उठेल कशाला? तिथे साहेब आला तरी ती खुर्चीतून उठत नाही. रोज संध्याकाळी सगळ्यांदेखत फक्त माझ्यासाठी उठते. तेवढं तरी माझं आहे."

हे मी आईला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सांगितलं तर ते उठणंही ती हसत हसत आत्याला देऊन टाकेल, आणि मग आत्याजवळ तिचं स्वतःचं असं काही उरणार नाही.